सह्या तिघांच्या, ताप भाऊजींना

माझे दीर प्रोग्रामर आहेत, आणि त्यांचा जगात फक्त प्रोग्रामवर विश्वास आहे. माणसांवर नाही, स्वतःवर तर मुळीच नाही. घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरतात, परत चढतात, कुलूप ओढून बघतात आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, लागलंय ना?" अशा माणसाकडे लोक आपलं सर्वस्व सोपवतात, याला काय म्हणावं!

त्यांचा धंदाच मुळी अविश्वासावर चालतो. ब्लॉकचेनवरच्या सामाईक तिजोऱ्या ते लिहून देतात. ब्लॉकचेन म्हणजे हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी ठेवलेली नोंद. एकाने खाडाखोड केली की बाकीचे बोंब मारतात. तिथली तिजोरी हातोड्याने फुटत नाही. ठरलेल्या माणसांनी आपापल्या चावीने सही केली, तरच आतली मालमत्ता हलते. चावी म्हणजे बोटाएवढं यंत्र; त्याला नखाएवढा पडदा आणि उघडायला आकड्यांचा पिन. एवढं मला कळतं, कारण जेवताना ते दुसरं काही बोलतच नाहीत.

मागे गल्लीच्या टोकाची तीन भावंडं आमच्याकडे आली. थोरला सुतार, मधली शिक्षिका, धाकटा ट्रक चालवतो. एकाच घरात तीन चुली. वडिलांचा फर्निचरचा कारखाना विकला होता आणि घेणाऱ्याने सगळी रक्कम डिजिटल नाण्यांत दिली होती. आमच्या सोफ्यावर तिघं बसले तेही मध्ये उशा ठेवून.

भाऊजींनी सुचवलं, "तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या पुरेशा ठेवू. एखादी चावी हरवली तरी अडायला नको."

"म्हणजे ही दोघं एक होऊन मला बुडवणार," थोरला म्हणाला. मधलीचंही तेच म्हणणं, धाकट्याचंही तेच. तेवढ्या एका बाबतीत तिघांचं एकमत होतं.

शेवटी तिघांच्याही सह्या लागतील अशी तिजोरी भाऊजींनी लिहिली. "एक जरी चावी गेली तरी सगळं कायमचं आत अडकेल," त्यांनी बजावलं. "मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

या बजावण्यानेच घात केला. चार दिवसांत थोरला हजर. "घरात ठेवायची सोय नाही रे. ती दोघं कपाटं उचकतात. तू ठेव, आणि त्यांना कळू देऊ नकोस." त्याने भाऊजींच्या कानात पिन सांगितला आणि शपथ घालून गेला. भाऊजींना नाही म्हणायला जमत नाही. "एकटी चावी कुणाच्या काय कामाची, वहिनी?" असं म्हणत त्यांनी ती मोज्यांच्या खणात टाकली.

मग शाळा सुटल्यावर मधली आली. चावी रुमालात, पिन कानात, शपथ तीच. भाऊजींनी घेतली, पण चेहरा पडला. धाकटा आला तेव्हा ते केस कापायला गेले होते, म्हणून त्याने चावी माझ्या हातात दिली आणि पिन माझ्या कानात सांगितला. मी आपली ती साखरेच्या डब्यामागे ठेवली.

भाऊजी आल्यावर मी सगळं सांगितलं, पिनसुद्धा. ते खुर्चीवर बसले ते बसलेच.

"वहिनी, आता मी एकटाच तिघं आहे."

मला हसू फुटलं.

"हसू नका! मनात आणलं तर यांच्या बापाची सगळी कमाई मी बसल्या जागी पळवू शकतो."

"पण तुम्ही पळवणार आहात का?"

"नाही. पण माझा काय भरवसा?"

त्या दिवसापासून ते घराबाहेर पडेनात. दारावर कुणी आलं की मोज्यांच्या खणाकडे धाव घेत. चाव्या परत घ्या म्हणावं तर एकेक जण हात जोडे. खरं सांगावं तर शपथा आडव्या येत. उद्या एखादं यंत्र बिघडलं असतं, तर तिघांनी मिळून यांनाच चोर ठरवलं असतं. मला त्यांची दया आली, आणि त्या भावंडांचा राग आला, चांगलाच राग. शपथ भाऊजींनी घेतली होती, मी कुठे घेतली होती? मी पदर खोचला आणि तिघांना वेगवेगळं गाठून एकाच वेळी चहाला बोलावलं.

ट्रेमध्ये तीन कप ठेवले आणि प्रत्येक कपाशेजारी एक चावी.

"तू याला दिलीस?" धाकटा बहिणीवर ओरडला.

"आणि ही तुझी नाही वाटतं?" ती म्हणाली.

असं तोंडसुख घेऊन झालं. थोरला चहाकडे बघत म्हणाला, "एवढं मोठं घर आपलं, आणि त्यात एक चावी ठेवायला जागा नाही." मधलीने डोळे पुसले. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू?

भाऊजी मात्र कामाला लागले होते. "ही तिजोरी बाद. तुमचे पिन मला माहीत आहेत, एक वहिनींनाही माहीत आहे. नवी तिजोरी, नव्या चाव्या. जुनीतलं सगळं तिकडे हलवायला आत्ता तिघांच्या सह्या हव्यात."

धाकट्याने सही केली, मधलीने केली. थोरला यंत्र जवळ नेई, लांब नेई. चष्मा घरी राहिला होता. शेवटी त्याने ते बहिणीपुढे धरलं. "तूच दाब."

तिने यंत्र हातात घेतलं. "पिन?"

त्याने खणखणीत आवाजात एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. भाऊजी ताडकन उठले. "अहो, मोठ्याने काय सांगताय? सगळे ऐकतायत!"

"सगळे म्हणजे कोण? ही माझी बहीण, हा माझा भाऊ," थोरला म्हणाला. "परका काय तो तू. तू कान झाक."

भाऊजींनी खरोखरच दोन्ही कान झाकले. इतक्या दिवसांत इतकं निवांत हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.