सुनंदाची भट्टी

गौरी, सोहम,

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना सांगायचं राहून गेलं, आणि तुमच्या बाबाला सांगायचा धीर मला कधी झाला नाही. मग तुम्हालाच का, आणि आत्ताच का? गेल्या रविवारी व्हिडिओवर सोहमने विचारलं, आम्ही आलो की हुमनाबादला पिझ्झा मिळेल का, आणि बार्बेक्यू? मी इतक्या उत्साहानं सुरू झाले—कुठला मसाला हाडापर्यंत मुरतो, कुणाचा कोळसा चांगला—की गौरी हसून म्हणाली, "आजी, तुला गं काय कळतं त्यातलं?"

मी म्हटलं, कुकरची शिट्टी होतेय, आणि फोन ठेवला. गॅसवर कुकर नव्हता.

म्हणून हे लिहितेय. आधी आनंदाचं सांगते, कारण आनंद खरंच होता.

आपलं गाव पुणे–हैदराबाद रस्त्याला लागून आहे. लॉरीवाले, बसवाले, कारखान्यातली पोरं, सगळे इथं जेवायला थांबतात, आणि जेवला की प्रत्येकाला मत असतं. ती मतं टाकायला फोनवर 'गावची चव' नावाचा गट आहे. संध्याकाळी तो जो उकळायला लागतो, त्याची मजा तुम्हाला कशी सांगू? कुणीतरी लिहितं, "हायवेवरल्या ढाब्याचा लेग पीस म्हंजे रबर हाय, चपलीला लावा." लगेच दुसरा, "तुझे दात पडलेत अण्णा, ढाबेवाला काय करल?" तिसरा, "कामून भांडायलाव? खलीलभाईकडं जावा, गप बसून खावा." मग पिझ्झाची गाडी सुटते—बीदरचा बरा की कलबुर्गीचा, चीज खरं की रबडी, आणि "बीदरहून मागवलं तर इथं यीपतोर त्याची भाकर व्हती."

या गटात मला मान होता. मी कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं, अर्धं गाव माझ्या वर्गातून गेलेलं. पिझ्झावर वाद पेटला की शेवटी कुणीतरी लिहायचंच, "मॅडम, तुमी सांगा." मग मी सांगायची—पाव कसा, सॉस कसा, चीज किती, टेबल पुसलेलं होतं की नाही, असं क्रमानं. मी सांगितलं की वाद संपायचा. मला ते किती आवडायचं, हे आज लपवून काय मिळणार?

बार्बेक्यूवर मात्र मी गप्प. तुम्हाला माहीत आहे, आपलं घर लिंगायतांचं. गळ्यात इष्टलिंग, घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. पण खरं सांगू? मी पिझ्झाचे निरोप एकदा वाचायची आणि बार्बेक्यूचे दोनदा. वर्गात इंग्रजी धड्यांमधल्या मेजवान्या रंगवून शिकवल्या—खमंग, तांबूस, धुराचा वास असलेल्या. मुलं माझ्याकडं बघत राहायची. मला स्वतःला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आता सुनंदा. ती जवळच्याच खटकचिंचोळीची, आपल्याच समाजातली. तिचा नवरा बसवराज माझा विद्यार्थी. दोघंही हैदराबादला एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होते, आणि गावी परतून पिझ्झाचं दुकान काढायचं म्हणत होते. जागा मिळाली ती नेमकी खलीलभाईंच्या बार्बेक्यूला लागून. मध्ये एक भिंत, आणि मागं दोघांत मिळून एक अंगण, हात धुवायच्या नळाचं. जागा पक्की करायच्या आधी सुनंदा माझ्याकडं आली.

"अक्का, शेजारी कोंबडी भाजायलेत. आपले लोक येतील का?"

"मध्ये भिंत आहे ना? मी येऊन बसते. मी बसले की आपल्या सगळ्या बायका बसतील."

आणि तसंच झालं. काय दिवस होते ते. सुनंदानं विटांची भट्टी बांधून घेतली, लाकडावर पेटणारी, तिची तीच सारवायची. शेंगाच्या चटणीचा पिझ्झा, हिरव्या ठेच्याचा पिझ्झा, कडा अशा फुगलेल्या की बोटानं दाबलं तर आवाज यावा. आमच्या सोमवारच्या वचनगायनातल्या बायका पाण्याच्या बाटल्या घरून घेऊन यायच्या, पण यायच्या. शरणम्मा—आमच्यातली सगळ्यात कडक—पहिल्यांदा आली तेव्हा भट्टीच्या तोंडाशी वाकून वास घेतला, आणि मग म्हणाली, "व्हय, स्वच्छ हाय. दे एक." गटावर बीदर–कलबुर्गीचं भांडणच संपलं. मी लिहिलं होतं, हुमनाबादचा पिझ्झा हुमनाबादलाच खावा. माझंच दुकान असल्यासारखी मी फुशारले होते.

एका दुपारी मी एकटीच गेले. दुकान रिकामं होतं. सुनंदा आत कणीक मळत होती, आतूनच म्हणाली, "बसा अक्का, आलेच." मी काही मागवलं नाही. हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले—आणि खलीलभाईंच्या उघड्या मागच्या दारातून दिसलं, सळया नुकत्याच निखाऱ्यांवरून उतरत होत्या.

तो वास. मी तिथंच उभी राहिले.

खलीलभाई मागच्या दारात आले. "क्या होना मॅडम?" मी बोटानं दाखवलं. तोंडानं मागायचं धैर्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, एकही प्रश्न विचारला नाही, कागदाच्या बशीत एक तुकडा ठेवला, लिंबू पिळलं, आणि पाठ फिरवून आत गेले. मला बघायला नको म्हणून. मी काय केलं माहीत आहे? गळ्यातलं इष्टलिंग पदराखालून मागं पाठीवर सरकवलं. लहान मुलं डोळे मिटून लपतात तसं. आणि खाल्लं.

आवडलं का? खूप आवडलं. धूर, तिखट, लिंबू, आणि आत इतकं मऊ—बशीला लागलेला मसालाही मी बोटानं पुसून खाल्ला. त्या क्षणी मला गटावर जाऊन सगळ्यांना सांगावंसं वाटलं, की खलीलभाईच बरोबर आहेत, ढाबा विसरा.

खाल्लं ते माझं आणि शिवाचं, त्याचा हिशेब मी तुमच्यापुढं मांडत नाही. मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं.

बोटं लाल होती. नळ उघडणार, इतक्यात सुनंदाच्या मागच्या दारातून शरणम्मा आली. तीही हात धुवायलाच.

"अक्का, हाताला काय लागलंय? वास कशाचा यायलाय?"

काय काय म्हणता आलं असतं? मी जन्मभर भाषा शिकवली. खाल्लं, असं म्हणता आलं असतं. तुला काय करायचंय, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं—

"अगं, सुनंदानं पनीर म्हणून दिलं. तोंडापाशी नेलं आणि वासावरून कळलं. एकाच भट्टीत भाजतात वाटतं."

शरणम्मानं "शिवा, शिवा" म्हणत स्वतः नळ सोडला आणि माझी बोटं एकेक करून धुतली. इतक्या मायेनं, की मला रडू आलं. तिला वाटलं, मी धर्म बुडाल्याच्या भीतीनं रडतेय. आम्ही दोघी मागच्या अंगणातूनच परस्पर बाहेर पडलो. सुनंदाला निरोपही दिला नाही.

घाबरून तोंडातून निघून गेलं, असं मला म्हणता येत नाही. कारण पुढं पूर्ण संध्याकाळ होती. चहा झाला, पूजा झाली, मन निवांत झालं. फोनवर तोवर आग लागली होती. शरणम्मानं सांगितलेलं बायकांनी बायकांना सांगितलं होतं आणि सगळे मलाच विचारत होते, "मॅडम, खरं हाय का?" मी चष्मा लावला. दुपारी निदान 'वाटतं' म्हटलं होतं. आता तेही काढून टाकलं. मी लिहिलं, "होय. सुनंदाच्या भट्टीत कोंबडी भाजली जाते. मी स्वतः पाहिले आहे." शुद्धलेखन तपासलं. मग पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा दारात आली. कपाळावर विभूती, हाताला पीठ तसंच.

"अक्का, भट्टीचं दार आत भटारखान्यात, माझ्याकडून हाय. तुमी काल आत कवा आलाव?"

मी म्हटलं, मला वाद घालायचा नाही.

"वाद न्हाई ओ अक्का. तुमी काल कायच मागिवलं न्हाई. मग मी पनीर कवा दिलं?" माझ्याकडं बघता बघता तिला सगळं कळलं—मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "खायचं व्हतं तर मला सांगायचं. मी दार लावून घेतलं असतं, कुणाला कळलं नसतं."

मी काय उत्तर दिलं? म्हटलं, घरात पूजा चाललीय, आणि दार लावलं.

ती बाहेर बराच वेळ उभी होती. मी पडद्याआडून पाहत होते.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मॅडमवर कोंबडीचा आळ घेणारीचं कोण ऐकणार होतं? खलीलभाईंनी तर तोंडच उघडलं नाही. त्यांनी उघडलं असतं तर गावात काय झालं असतं, हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतं हे मला कळत होतं. त्याच भरवशावर तर मी होते. पुढं एकदा बाजारात समोरासमोर आले तेव्हा त्यांनी सलाम केला आणि एवढंच म्हणाले, "आप लिखे सो सच इच रहेंगा, मॅडम."

सोमवारच्या बायका गेल्या, वाढदिवसाच्या ऑर्डरी गेल्या. बसवराजनं दुकानाबाहेर पाटी लावली, 'शुद्ध शाकाहारी'. गटावर लोक त्या पाटीला हसले, "आता लावून काय उपेग?" मी वाचत होते. एका शब्दानं थांबवता आलं असतं, आणि तो शब्द सगळे माझ्याकडूनच ऐकायला तयार होते. मी सॉसबद्दल काहीतरी लिहिलं, दुसऱ्याच दुकानाच्या. वर्ष व्हायच्या आत सुनंदानं दुकान सोडलं. आता ती कलबुर्गीला दुसऱ्याच्या हॉटेलात पिझ्झा करते, असं ऐकते.

सोहमच्या फोननंतर मी गट उघडला. शेजारच्या मन्नाएखेळ्ळीच्या एका पोरानं नवा पिझ्झा सुरू केलाय, त्यावर जोरात चर्चा चालू होती. कुणीतरी लिहिलं, "बघून खावा रे. मागं सुनंदानं मॅडमला कोंबडी चारली व्हती." मी लिहिलं, "ते खोटे होते. मी भट्टीत काहीही पाहिले नव्हते. सुनंदाची काही चूक नव्हती."

वाटलं, आता सुटले. उत्तरं भराभर आली. हात जोडलेली चित्रं आली. "मॅडमचं मन मोठं." "एवढं होऊनबी माफ केल्या." शरणम्मानं लिहिलं, "अक्का, तुमी कामून पांघरूण घालायलाव? मी सोता तुमची बोटं धुतली की." मग बोटं लाल कशानं होती, हे एक वाक्य लिहिलं असतं तर सगळ्यांना पटलं असतं. तेवढं एकच लिहायचं होतं. मी फोन पालथा ठेवला. तो अजून तसाच पालथा आहे, आणि ते वाक्य मी फक्त तुम्हाला लिहिलंय, जे इथून इतके लांब आहात.

सुनंदाच्या दुकानाची जागा खलीलभाईंनी घेतली आणि मधली भिंत पाडली. भट्टी ठेवली. ती रोज संध्याकाळी पेटते, आणि तिच्यात कोंबडी भाजतात.