उजव्या मनगटावरचं कुवेत

कापसाचं जिनिंग बंद पडून काम सुटलं त्या वर्षी शेजारच्या नानांकडे दिवसातून एकदाच चूल पेटायची. मग त्यांचा मुलगा वेल्डर म्हणून कुवेतला गेला आणि नाना दोन घड्याळं बांधू लागले. डाव्या मनगटावर जळगाव, उजव्यावर कुवेत. आमच्या मेहरूण भागातल्या टपरीवर लोक हसायचे. नाना चहा बशीत ओतून उजवीकडे बघत सांगायचे, "तठे बी आपलासारखंज ऊन शे. पन नदी नही."

ते घड्याळ मी लावून दिलं होतं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे 'माहीत नाही' म्हणणं मला जमत नसे. अडीच तास मी पुढे लावले.

नव्वदच्या ऑगस्टात कुवेतमध्ये इराकी सैन्य घुसलं. फोन लागेना, पत्र येईना. नाना रेडिओ कानाशी धरून बसत. नकाशात कुवेत शोधताना मला दिसलं, ते आपल्या पश्चिमेला आहे.

दिवेलागणीला नाना ओट्यावर बसून म्हणाले, "तठे रात व्हई गयी. पोऱ्या अंधारामा कोठे लपना व्हई?"

"नाना, मी चुकलो. तिथली वेळ आपल्या मागे आहे. आता तिथे साडेचार वाजलेत."

मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी उजवा हात पुढे केला.

"म्हंजे आजून उजेड शे?"

"आहे."

"मंग लाव बरोबर."

मी काटे पाच तास मागे फिरवले.

पुढच्या महिन्यात त्यांचा मुलगा अंगावरच्या कपड्यांनिशी, धडधाकट घरी आला.