ओढणीचा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढं माझी जीभच रेटत नाही.

मी सध्या जपानात असते, एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. गाव माझं शिरड शहापूर. घरी मेंढरं. अकरावीला औंढ्याच्या कॉलेजात गेले, तर शेजारी बसायला कुणी तयार नाही — एक नसरीन सोडून. तिचे अब्बा गाद्या-रजया भरायचे. तिच्या वेणीत कायम कापसाचे तंतू, म्हणून पोरी तिलाही टाळायच्या. शेवटच्या बाकावर आम्ही दोघी, डबा एकच. मला वाटायचं, एवढं पुरे. खरंच वाटायचं का? मग डोळे सारखे पुढच्या बाकांकडं कशाला जायचे?

त्या थंडीत आमची एक मेंढी विताना मेली. दुसरी मेंढी परक्या कोकराला जवळ करत नाही, वासावरून ओळखते आणि ढुशी मारून हाकलते. म्हणून ते कोकरू मीच ओढणीत गुंडाळून सांभाळलं. नसरीन रविवारी यायची, त्याला बाटलीनं दूध पाजायची. ते माझ्यापेक्षा तिच्याच मागं जास्त पळायचं. मला थोडा रागही यायचा.

एका सोमवारी पुढच्या पोरींनी मला बोलावलं. गॅदरिंगच्या नाचात एक जण कमी पडत होती. मला — चक्क मला. मी पळतच गेले. बसते न बसते तोच एकीनं नाक दाबलं.

"कशाचा वास येऊन राहिला गं?"

माझ्या ओढणीचा होता. मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी — थांबा, सांगते — मी मागं बोट केलं.

"तिचा हाय. त्यांच्या घरातच तसा वास राहतो."

नसरीननं ऐकलं. कोकराचा वास तिला माहीत नव्हता? एका शब्दात तिनं मला उघडं पाडलं असतं. तिनं डबा उघडला, माझी भाकरी वेगळी काढून माझ्यापुढं आणून ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. संक्रांतीनंतर ती कॉलेजात आलीच नाही. मी चौकशी केली नाही. नाचात मात्र पहिल्या रांगेत होते. लाज वाटते सांगताना, पण त्या दिवशी मी खूश होते.

इथं माझ्यासोबत युकी नावाची पोरगी काम करते. शाळेत तिला सगळ्यांनी वाळीत टाकलं. सुरुवात तिच्याच मैत्रिणीनं केली. नंतर तीन वर्षं ती खोलीबाहेर पडली नाही. अजूनही माझ्याशिवाय कुणासोबत जेवत नाही.

परवा जेवताना तिनं विचारलं, तुमच्याकडं असं करतात का?

मी म्हणाले, नाही. आमच्याकडं माणसं जीव लावतात.

ती म्हणाली, तुझ्या वर्गात असते तर बरं झालं असतं.

मी मान डोलावली आणि जेवत राहिले.