त्या दुपारी आजींजवळ कोण बसलं होतं?

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. नर्स आहे मी... शवागारात एकटी जाऊन आलेली.

तेव्हा शेवगावच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये होते, नाव देत नाही. नवरा सुप्याला कंपनीत, मुलगी सासूबाईंकडे आणि मी भाड्याच्या खोलीत. बरोबरची सिस्टर नोकरी सोडून गेली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. वॉर्ड आणि लेबर रूम दोन्ही माझ्याच गळ्यात. सोडून द्यावं असं रोज वाटायचं.

वॉर्डात पारूआजी होत्या, दम्याच्या. घरचे सगळे कापूस वेचायला, त्यामुळे सोबत कुणी नाही. "जरा बस की गं," असं त्या रोज म्हणायच्या. "येते हं आजी," म्हणून मी पुढे पळायचे.

त्या दिवशी जेवणाचा डबा उघडणार तोच एक अडलेली बाई आली. दुपारभर मी लेबर रूममध्येच, डॉक्टरांसोबत. बाळ रडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. तशीच वॉर्डात धावले. वाटलं, आजी चिडल्या असतील...

आजी शांत पडून होत्या. केस विंचरलेले, घट्ट वेणी घातलेली.

"आजी, वेणी कुणी घातली?"

"तूच की. आत्ता तर उठून गेलीस."

मला वाटलं, आजींना भ्रम झालाय. पण शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीच होतात. किती वेळ बोलत बसला होतात."

"काय बोलले मी, आजी?"

"म्हनलीस, समद्यांला जेवला का म्हून इचारते, मला कुनी इचारत न्हाई. कुलूप मीच काढते, कडी मीच लावते... लई रडलीस. मग म्हनलीस, आता हलकं वाटतंय." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "जेवलीस का?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

डॉक्टरांना विचारलं. "सिस्टर, तुम्ही इथून हललाच कुठे?" एवढंच म्हणाले.

पुढच्याच महिन्यात मी ती नोकरी सोडली. आता नगरला एका दवाखान्यात असते, काम कमी आहे. त्या दुपारचा उलगडा मात्र अजून झालेला नाही. भीती वाटत नाही, थोडा हेवा वाटतो... आजींचा हात धरून पोटभर रडली, हलकी होऊन गेली — ती मी नव्हते.