शेपटीखालचा रंग

व्याह्याच्या दारात आल्यावर माणसांआधी मागच्या तळ्याला भेटणारा पाहुणा सबंध कोल्हापूर जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो माझ्याच लेकीचा सासरा. कागलकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गळ्यात दुर्बीण, काखेत वही. एसटीतून उतरले की पायांवर पाणी घ्यायच्या आधी चिखलात. माझी बायको चहा दोनदा गरम करायची आणि हे आपले लव्हाळ्यात उभे. पोरांच्या लग्नात फोटोवाला "इकडं बघा" म्हणून ओरडत होता, यांचं तोंड मंडपामागच्या डबक्याकडं. अजून त्या फोटोत व्याह्यांचा नुसता कान दिसतो.

आमचं भांडण पाणकोंबडीचं. तळ्यात एक पांढऱ्या छातीची, एक काळी, लाल कपाळाची. मी चौथी नापास, पण जन्म या तळ्याकाठी गेला. पांढरा तो नर, काळी ती मादी, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"पावणं, जाती दोन हायत," ते म्हणाले. "शेपटी उचलली की खाली बघा. पांढऱ्या छातीवालीला विटकरी, काळीला पांढरं."

"शेपटीखाली बघायचं वय हाय व्हय आपलं?"

अकरा वर्षं हेच. दर दिवाळीला ते दोन्ही पक्ष्यांची चित्रं काढून आणायचे, आणि मी ती बघायचो नाही.

यंदा त्यांचे डोळे गेले. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. तरी लेक त्यांना घेऊन आली. मी हाताला धरून बांधावर बसवलं. माझेही गुडघे आता बोलतात. दुर्बीण गळ्यात होतीच. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जाऊ दे पावणं. तुमचंच खरं असंल. मला आता सगळं एकच दिसतंय."

अकरा वर्षं हेच ऐकायचं होतं मला. गोड लागलं नाही.

समोर लव्हाळ्यातून दोन पाणकोंबड्या निघाल्या. दोन्ही पांढऱ्या छातीच्या, मागं काळी पिल्लं. आठ दिवस हा जोडा मी रोज बघत होतो आणि कुणाला बोललो नव्हतो.

"न्हाय," मी म्हटलं. "नर-मादी दोन्ही पांढऱ्या छातीची हायत. पिल्लं हायत संगट. काळी जात येगळी."

"दया करताय व्हय माझ्यावर?"

"मी? तुमच्या विहीणबाईला इचारा, जन्मात कुणापुढं हार मानलीया का मी!"

ते हसले. मग चाचपडत दुर्बीण सरळ केली. "शेपटी उचलली?"

"उचलली की."

"खाली?"

"विटकरी. नव्या कौलागत."

मग म्हणाले, "परत सांगा."

मी परत सांगितलं.