चूक तुमची, अवानोसाहेब

ओसाकात मोठ्यानं बोलणारी माणसं पैशाला पासरी, पण कुवाबाराबाई फोनवर बोलायला लागल्या की शेजारचे खिडक्या लावून घेतात. जाहिरातीच्या धंद्यात त्यांचा जन्म गेला. एजन्सी कसली, मासळीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी दुकानांत लावायचे फलक करतो, म्हणून आमची ओळख, आणि त्यांच्या तोंडाच्या पट्ट्याची मला सवय.

अवानो कंपनी उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्शाची पाकिटं विकते. तिचं टीव्हीचं काम तोक्योच्या बड्या एजन्सीकडे, छापील जाहिराती बाईंकडे, फलक माझ्याकडे. मालक अवानोसाहेब प्रत्येकाला वेगळं बोलवायचे आणि बजावायचे, "दुसऱ्यांना कळता कामा नये हं!" आम्ही रस्त्यात भेटलो तरी हवापाण्यावर बोलून सटकायचो. व्हायचं तेच झालं. माझ्या फलकावर ओसाकाचा फिकट सोनेरी रस्सा, आणि टीव्हीवर तोक्योकडचा काळाकुट्ट! बाजारात बायका विचारायला लागल्या, "पाकीट नासलंय का हो?"

मग साहेबांनी ठरवलं, सगळ्यांच्या वर एक मुख्य एजन्सी नेमायची. तोक्योवाले नेमले गेले असते तर छापील कामही त्यांनी घरातच ओढलं असतं आणि बाईंच्या एजन्सीला टाळं लागलं असतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

निवडीच्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदाच आम्हा तिघांना एकत्र बसवलं. तोक्यो एजन्सीचा सावातारी आधी बोलला. गुळगुळीत माणूस, गुळगुळीत चित्रं. साहेब नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते.

"रश्शाचा घोळ कुणामुळे झाला?" त्यांनी विचारलं.

सावातारी अदबीनं वाकला. "फलकवाल्यांनी आम्हाला विचारायला हवं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुवाबाराबाई, तुम्ही बोला."

आता बाई तोक्योवाल्याची सालटी काढणार म्हणून मी सरसावून बसलो.

"चूक तुमची, अवानोसाहेब."

मेलो, म्हटलं! आमच्यात गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाला कुणी तोंडावर असं बोलतं?

पण बाई थांबतायत कुठल्या! "तीन आचारी तीन खोल्यांत कोंडलेत आणि पंगत एकच मांडलीत. चव जुळायची कशी?"

"मग तुम्ही काय करणार?" साहेबांचे डोळे अजून मिटलेलेच.

"दर सोमवारी सगळे एका टेबलाशी. तुमचा माणूससुद्धा. काम कच्चं असतानाच सगळ्यांनी बघायचं. सावातारींचं टीव्हीचं काम त्यांच्याकडेच राहू दे, त्यांचा हात चांगला आहे. पुढे काही बिघडलं तर पहिल्या शिव्या मला."

"आणि साधलं तर?"

"ज्यानं साधलं त्याचं नाव सांगीन. मोठ्यानं."

"मोठ्यानं ते वेगळं सांगायला नको!" साहेबांनी डोळे उघडले. "माझ्या बापानंसुद्धा मला असं झापलं नव्हतं. मुख्य एजन्सी तुम्ही."

असे निकाल आमच्याकडे महिना-महिना कळत नाहीत. इथे चहा गार व्हायच्या आत लागला.

खाली रस्त्यावर सावातारी मागून आला. आता हा टोमणा मारणार म्हणून मी बाह्या सरसावल्या. पण तो बाईंसमोर कमरेत वाकला, चांगला खोल वाकला, आणि म्हणाला, "सोमवारी किती वाजता येऊ?"

"नऊला," बाई म्हणाल्या. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तो वळणाआड गेला मात्र, बाईंनी भर रस्त्यात दोन्ही हात आभाळात फेकून विजयाची आरोळी ठोकली, "बान्झाई!" लोक थबकले. मीही बेंबीच्या देठापासून ओरडलो, आणि ओरडता ओरडता ढसाढसा रडलो.