प्रचाराच्या गाडीवर मावशीचा आवाज

अन्याय झाला माझ्या मावशीवर. कधी, तर नगरपंचायतीच्या प्रचाराच्या शेवटच्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. कुठे, तर सेलूत, तिच्या स्वतःच्या दारासमोर. मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून मला ही सवयच लागली आहे. कोणावर, कधी, कुठे हे पहिल्या तीन ओळींत आलं नाही, तर लोक त्या कागदात भजी बांधतात. चौथी ओळ असते 'कोणी केला'. ती लिहायला मला फार दिवस लागले, कारण तिच्यात मीही येते.

वेळ एवढी नेमकी ठाऊक आहे, कारण आमच्याकडे नळ नऊला येतो आणि दहा मिनिटांत जातो. तो जायच्या बेतात होता. मावशी नळाखाली पाण्याचा गुंड लावून उभी होती. तेवढ्यात वळणावरून प्रचाराचा ऑटो आत शिरला. टपावर दोन भोंगे. भोंग्यातून बाईचा आवाज आला, "उठा, उठा!" मग ढोल, मग एका पुरुषाने घोगऱ्या आवाजात सांगितलेली उमेदवाराची निशाणी, आणि पुन्हा "उठा, उठा!"

मावशीचा गुंड भरून वाहायला लागला तरी तिने उचलला नाही.

"बाई वो," ती मला म्हणाली, "हा त माहा आवाज होय."

समोरच्या घरातली बाई दात घासत ओट्यावर उभी होती. तिने तोंडातलं थुंकून घेतलं आणि हसली. "काऊन वो काकू, यंदा तुमीबी गाडीवर चढल्या का?"

हा टोमणा किती खोल गेला हे कळायला मावशी कोण ते सांगायला हवं. ती सेवाग्रामला दवाखान्यात आया आहे. रविवारी वंदना झाली की आमच्या विहारात तीच गाणं सुरू करते, बाकीच्या बाया मागून धरतात. कोणाकडे मयत झाली, कोणाकडे नामकरण असलं, की तिला बोलावणं येतं. ती जाते, गाते, चहा पिऊन परत येते. पण प्रचाराला ती आजवर कोणासाठी गायलेली नाही. सगळ्या रंगांचे उमेदवार दारात येऊन गेले. आमच्या समाजाचे आले, दुसरेही आले. एकाने तर तिच्या पायाला हात लावला. तिने त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "माहा गळा मी मतपेटीत टाकत नाई, बापू. तू जिंकजो, मंग मयतीले येजो." अख्ख्या वस्तीला हे वाक्य पाठ आहे. लोक तिचं ऐकतात ते याच कारणाने. तिच्याजवळ दुसरं काही नाही.

आणि तोच गळा दोन भोंग्यांतून एका निशाणीसाठी गल्लोगल्ली ओरडत फिरला.

आता माझा भाग.

एका पतसंस्थेने भंगारात काढलेला संगणक माझ्याकडे आहे. त्यावर नवं काही चालत नाही, ट्रॅकर चालतो. ट्रॅकर म्हणजे गाणं बांधायचं जुन्या वळणाचं सॉफ्टवेअर. पडद्यावर आकड्यांचे रकाने वरून खाली सरकत असतात, एसटीच्या वेळापत्रकासारखे. कोणता आवाज कितव्या ओळीला निघेल, किती जोरात असेल, कुठे थांबेल, सगळं हाताने लिहायचं. वाद्यं म्हणजे आपण टिपलेले आवाजाचे तुकडे. माझ्याकडे हातपंपाची करकर होती, कापसाच्या जिनिंगच्या मशीनची धडधड होती. मोर्च्याला चालता येईल असं एक गाणं मला बांधायचं होतं, म्हणून एप्रिलच्या दुपारी मावशीला स्वयंपाकघरात बसवून मोबाइलवर तिचा आवाज टिपला. कुलरची घरघर येत होती म्हणून तो बंद केला. मावशी घामाने निथळली. "लवकर आटप माय, नाईतर गाण्याच्या आंधी मीच उठून जाईन."

घरघर गेली, पण कुलरचं पाणी ठिबकत राहिलं. ते नंतर संगणकावर साफ केलं. नुसत्या शांततेचा एक तुकडा सॉफ्टवेअरला ऐकवायचा, म्हणजे त्यात काय घाण आहे ते त्याला कळतं, आणि तेवढी ते सगळीकडून वजा करतं. जास्त वजा केलं की माणूस पिंपात बसून गातोय असं वाटतं. म्हणून मी हात आखडता घेतला. "उठा" म्हणायच्या आधी मावशी एक लांब श्वास घेते, तो ठेवला. तिचा एक सूर पेटीच्या पट्टीपेक्षा जरासा खाली बसतो, तोही तसाच राहू दिला. आणि दुसऱ्या "उठा"च्या पोटात कुलरचा एक थेंब पडलेला आहे, टप. तो काढायला गेलं तर आवाजच खरवडला जात होता. राहिला.

ट्रॅकरच्या फाईलमध्ये गाण्यासोबत हे सगळे तुकडे सुटे भरलेले असतात. फाईल उघडणाऱ्याला कोणताही तुकडा वेगळा काढता येतो. आम्हा ट्रॅकरवाल्यांची रीत अशी, की फाईल उघडीच द्यायची. मीही लोकांच्या उघड्या फाईली चाळूनच शिकले. दुसरी रीत अशी, की वाद्यांच्या यादीतल्या रिकाम्या खान्यांत निरोप लिहायचा. एका खान्यात बावीस अक्षरं मावतात. मी सहा खाने भरले होते, इंग्रजी अक्षरांत मराठी: हा आवाज माझ्या मावशीचा, तिचं नाव, गाव, आणि वापरायचा असेल तर तिला विचारा.

जयंतीच्या मंडपात साउंड लावणारा एक डीजे आहे. त्याने माझं गाणं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, कसं केलं वो? मले शिकाचं हाय." मी खूश. पेन ड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला.

त्या रविवारी ऑटो गेल्यावर मी तडक त्याच्या दुकानात गेले. तो वायर गुंडाळत बसला होता.

"तो आवाज कोणाचा आहे?"

"कोनता?"

"भोंग्यातला. दुसऱ्या 'उठा'त थेंब पडतो. तो आमच्या कुलरचा थेंब आहे."

त्याने आधी कानावर हात ठेवले. मग हसला. "तुमीच त देली ना ताई फाईल. उघडी देली."

"त्यात नाव लिहिलं होतं. विचारा असं लिहिलं होतं."

"कुठी? ते खाली-खाली होतं ते? अरे, मी साफ करायचं बटन दाबलं, रिकामे खाने सारे उडाले. मले वाटलं कचरा हाय."

हे खरं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. ज्या खान्यात आवाज नसतो तो खाना सॉफ्टवेअरच्या लेखी रिकामा. मावशीचं नाव रिकाम्या खान्यात होतं. ते मीच तिथे लिहिलं होतं.

पण बाकीचं बटनाने केलं नाही. श्वास त्याने कापला. खाली बसणारा सूर मशीनने ओढून सरळ केला. "उठा" उचलून निशाणीपुढे चिकटवला. मावशी कोण हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या आजोबांच्या मयतीला ती गायली होती.

"एवढं काय चिडून राह्यल्या? आवाज काय कोनाचा असते का? हवा हाय ते," तो म्हणाला. "उलट बाईचं नाव झालं."

"कोणतं नाव? जे उडवलंस ते?"

तो पुन्हा वायर गुंडाळायला लागला. उमेदवाराच्या कार्यालयात गेले, तर तिथे मला बसायला खुर्ची दिली, बिस्किटं दिली आणि सांगितलं, आपलेच लोक आहेत, मनाला लावून घेऊ नका. मी बिस्किटं तिथेच ठेवली. ऑटो संध्याकाळपर्यंत फिरला.

घरी येऊन मी मावशीला फाईल, खाने, बटन सगळं समजावलं. पत्रक काढू म्हणाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मले इचारून टिपलं तू, हो. गाण्यात टाकतो म्हनलं, तेई इचारलं. त्याले देतानी इचारलं होतं का?"

पत्रकासाठी घेतलेला कागद मी खाली ठेवला.

"मंग तो तरी काऊन इचारीन?"

पुढच्या रविवारी वंदना संपली. बाया थांबल्या. मावशी मांडीवर हात ठेवून बसून राहिली, ओठ मिटलेले. शेवटी दुसरीने सुरुवात केली, फार वरच्या पट्टीत, आणि अर्ध्यात सगळ्यांचाच दम तुटला. परतताना मावशी म्हणाली, "मी तोंड उघडलं का लोकाईले भोंगाच ऐकू येईन." त्यानंतर वस्तीत दोन मयती झाल्या. ती गेली, बसली, उठून आली.

निवडणूक संपली, ते गाणं संपलं नाही. लोकांनी ते मोबाइलमध्ये घेतलं, त्यावर वराती नाचवल्या. मी माझी फाईल पुसली. त्याने काय होतं? माझ्याकडची एक गेली.

म्हणून तुम्हाला सांगते आहे, विनंती करत नाही. तुमच्या मोबाइलमध्ये ते "उठा, उठा" असेल तर हे वाचून होताच काढून टाका. ते नसेल तर दुसऱ्या कोणत्या तरी बाईचं गाणं असेल, हळदीत नाहीतर मयतीत तिला न विचारता टिपलेलं. ते पुढे धाडण्याआधी तिच्या दारात जा आणि विचारा. ती नाही म्हणाली तर तिच्यासमोर पुसा. आणि सेलूचे असाल तर रविवारी विहारात या. मोबाइल घरी ठेवा. मावशीजवळ बसा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, काकू, ते गाणं तुम्ही दिलं नव्हतं, आम्हाला माहीत आहे. तिने गायलंच पाहिजे असं नाही. पण तुम्ही हे म्हटलंच पाहिजे.